अझोरेसला स्कूबासाठी जायचंय : बेटं, दिवस आणि क्रम कसा ठरवू?

ओली वाळू

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी सप्टेंबरअखेरीस मी आणि नवरा सोळा दिवसांची रजा काढतोय. ती सगळी अटलांटिकमधल्या ज्वालामुखी बेटांवर, जमेल तितकी पाण्याखाली घालवायची असं मनात आहे.

थोडी पार्श्वभूमी. चाळिशी ओलांडल्यावर तारकर्लीला पहिल्यांदा सिलिंडर पाठीवर घेतला. ओपन वॉटर हा पहिला कोर्स तिथेच झाला, पुढचा अ‍ॅडव्हान्स्ड हॅवलॉकला. मग नेत्राणीला दोनदा जाऊन आलो. दोघांच्या प्रत्येकी सव्वीस डाइव्ह झाल्यात. गेल्या वर्षी एका मैत्रिणीनं फोटो दाखवला. खोल निळ्या पाण्यात उन्हाच्या तिरिपा उतरतायत आणि त्यांतून डेव्हिल रे रांगेनं चाललेत. आपल्या पाकटाचेच भाऊबंद, पण पंखांचा पसारा माणसाच्या दुप्पट. खाली तळ नाही, आजूबाजूला किनारा नाही. तो फोटो डोळ्यांसमोरून हलत नाही.

आराखडा असा केलाय : लिस्बनहून अझोरेस, म्हणजे पोर्तुगालची अटलांटिकमधली बेटं. त्यांत साओ मिगेल दोन दिवस, तेर्सेइरा दोन, पिको तीन, फायाल दोन, सांता मारिया दोन, आणि शेवटी स्पेनच्या कॅनरी बेटांतलं तेनेरिफ, तेइदे ज्वालामुखी बघायला. नवऱ्याला पिकोचा डोंगर चढायचाच आहे. तो २,३५१ मीटर आहे, पोर्तुगालमधला सर्वांत उंच. सकाळी डाइव्ह करायची, दुपारी उशिरा चढायला लागायचं आणि सूर्योदय माथ्यावर बघायचा, असा बेत आहे.

हे जमेल का? काय गाळू, काय ठेवू? कोणी जाऊन आलं असेल तर मोकळेपणानं सांगा.

बॉस्टनवासी

ओली वाळू ताई, मी दोनदा जाऊन आलोय. इथून साओ मिगेलवरच्या पोन्ता देल्गादाला थेट विमान आहे, पाचेक तासांत पोहोचतो. त्यामुळे हेवा करू नका, पण अनुभव पुरेपूर घ्या.

पहिलं सांगायचं ते हे की पाच बेटं गाळा. बेटांमधली विमानं छोटी असतात. धुकं आलं, वारा फिरला की रद्द होतात, आणि मग तुमची डाइव्हही जाते, पुढच्या बेटावरचं बुकिंगही जातं. दर दोन दिवसांनी सामान बांधणं म्हणजे दर दोन दिवसांनी एक दिवस वाया घालवणं. ओला वेटसूट बॅगेत कोंबून विमानतळावर बसलात की कळेल.

तुमच्या मनात तो फोटो आहे ना? मग तेवढंच धरून आखणी करा. असे फोटो सहसा दोन जागांचे असतात. एक सांता मारियाच्या उत्तरेला, किनाऱ्यापासून जवळचा आम्ब्रोझियो बँक (बँक म्हणजे पाण्याखालचा उंचवटा). दुसरी प्रिन्सेस अ‍ॅलिस बँक. ती पिको-फायालपासून नैर्ऋत्येला सुमारे ९० किलोमीटर, भर समुद्रात. तिथं समुद्रतळातून वर आलेला एक डोंगर आहे, आणि त्याचा माथा पृष्ठभागापासून साधारण ३५ मीटर खाली. मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर १८९६ मध्ये समुद्राचा अभ्यास करत फिरत होता, त्याला हा उंचवटा सापडला. नाव पडलं त्याच्या जहाजावरून.

वेगवान रबरी बोटीनं तिथं पोहोचायला तीन तास लागतात. लाटा अंगावर येतात. मी पहिल्या खेपेला पाऊण वेळ बोटीच्या काठावर ओणवा होतो. उतरल्यावर मात्र पोट विसरलो. बोटीखाली दोर सोडलेला असतो, त्याला धरून पाच ते पंधरा मीटरांवर लटकायचं आणि वाट बघायची. प्रवाह जोराचा असेल तर माणूस झेंड्यासारखा आडवा होतो. आणि मग ते येतात.

पण बँकवर जायचं की नाही हे वारा ठरवतो. माझ्या दुसऱ्या खेपेत चार दिवसांपैकी एकच दिवस बोट निघाली. म्हणून सांगतो, पिकोवर निदान आठ रात्री राहा. मदालेना गावातून फायालच्या ओर्ताला फेरी अर्ध्या तासात जाते, त्यामुळे फायाल तसंही हाताशी असतं.

अजून एक. सप्टेंबरअखेर नको, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचं बघा. अटलांटिकची वादळं कधीकधी थेट तिथपर्यंत येतात. २ ऑक्टोबर २०१९ ला लोरेन्झो येऊन गेलं, तेव्हा फ्लोरेस बेटावरचं बंदर मोडलं होतं.

कातळखुणा

मी डाइव्ह करत नाही, गुडघ्यांनी रजा दिलीय. पण कोल्हापुरात बरीच वर्षं भूगोल आणि भूशास्त्र शिकवलंय, म्हणून चार शब्द. पाण्याखाली काय दिसणार आणि काय नाही, हे दगडावरून कळतं.

अझोरेस जिथं आहेत तिथं उत्तर अमेरिकी, युरेशियन आणि आफ्रिकी अशी तीन भूपट्टं भेटतात. नऊपैकी फ्लोरेस आणि कोर्वो ही पश्चिमेची दोन बेटं अमेरिकी पट्टावर, बाकीची सात पलीकडे. एकाच राज्यातली बेटं, पण पायाखालची जमीन दोन दिशांना सरकतेय.

आपल्या कोकणात समुद्रात कितीही पुढं गेलात तरी बराच वेळ उथळच लागतं, कारण खंडाची कड लांबवर पसरलीय. या बेटांना तशी कड नाही. समुद्राच्या तळातून उभे राहिलेले डोंगर आहेत ते, आपल्याला फक्त टोकं दिसतात. किनाऱ्यापासून थोडं पुढं गेलं की हजार मीटर खोल. म्हणूनच स्पर्म व्हेलसारखे खोल पाण्यातले प्राणी बेटाजवळ येतात. पिकोकर एकेकाळी किनाऱ्यावरच्या मचाणांवरून त्यांच्यावर नजर ठेवून शिकार करत. शेवटची शिकार १९८७ मध्ये झाली. आज त्याच मचाणांवर माणूस दुर्बीण घेऊन बसतो आणि व्हेल बघायला निघालेल्या बोटींना दिशा सांगतो.

तेव्हा ताई, हॅवलॉकसारखी प्रवाळाची बाग मनात धरून जाऊ नका. तिथं काळा कातळ आहे. कमानी, घळी, लाव्हा वाहून गेल्यावर मागं राहिलेली भुयारं. आपल्या सह्याद्रीचाच दगड, बेसाल्ट. फरक वयाचा. आपला सहा-साडेसहा कोटी वर्षांचा, आणि फायालच्या पश्चिम टोकाचा कापेलिन्योस १९५७ च्या सप्टेंबरात समुद्रातून उसळला, वर्षभर धगधगत राहिला. माझ्याहून लहान आहे तो डोंगर! जवळच्या दीपगृहाचे खालचे मजले राखेत गाडले गेले, ते आजही तसंच उभं आहे. फायालला गेलात तर तिथली राख हातात घेऊन बघा आणि मला कळवा.

बॉस्टनवासी

कातळखुणा सर, कापेलिन्योसचं बोललात म्हणून. त्या उद्रेकानंतर अमेरिकेनं १९५८ मध्ये खास कायदा करून तिथल्या लोकांना येऊ दिलं. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये न्यू बेडफर्ड, फॉल रिव्हर या गावांत त्यांची मोठी वस्ती आहे. मी ज्या बेकरीतून गोड पाव आणतो तिथल्या आजी लहानपणी फायालहून आलेल्या. त्या सांगतात, छपरावरची राख रोज फावड्यानं ओढून काढायला लागायची, नाहीतर छप्पर बसायचं.

बंदरावरचा

ताई, मी मालवणात बारा वर्षं लोकांना पाण्यात नेतो. रागावू नका, पण तुमच्या सव्वीस डाइव्ह बहुतेक कोमट पाण्यातल्या, तळ दिसणाऱ्या. तिथं पाणी सप्टेंबरात २२-२३ अंश असतं. आकडा वाचायला गार वाटत नाही, पण तीन तास बोटीत वारा खाऊन, दोन डाइव्ह मारून, पुन्हा तीन तास परत यायचंय. पाच किंवा सात मिलिमीटरचा सूट लागणार, डोक्याला टोपी लागणार. जाड सूट तरंगवतो, म्हणजे वजन वाढणार. तीन मिलिमीटरमध्ये बसलेली तुमची बॉयन्सी, म्हणजे पाण्यात ना वर ना खाली असं स्थिर राहणं, तिथं पहिल्या दोन डाइव्ह साफ बिघडणार.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे निळं पाणी. खाली तळ नाही, बाजूला कातळ नाही, तेव्हा आपण वर जातोय की खाली हे डोळ्यांना कळत नाही. मी माझ्या एका चांगल्या तयार मुलाला पहिल्यांदा असं नेलं, तर तो बाराचा सतरा मीटरवर गेला आणि त्याला पत्ताच नाही. खोली दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरकडं बघायची सवय लागेपर्यंत असंच होतं. बहुतेक ठिकाणी अशा बँकवर न्यायला पन्नासच्या आसपास डाइव्ह असाव्यात अशी अपेक्षा असते, आणि ती बरोबर आहे.

आमच्याकडं पावसाळ्यात सगळं बंद. नेमका तेव्हाच तिकडचा हंगाम असतो. म्हणून यंदा ऑक्टोबर ते मे या काळात जमेल तेव्हा या. तीन गोष्टी घोटून घेऊ. काही न धरता पाच मीटरवर तीन मिनिटं स्थिर राहायचं. पाण्याखालून एसएमबी, म्हणजे तो नारिंगी फुगा, एकट्यानं वर सोडायचा. आणि मास्क काढून पुन्हा घालायचा, घाबरेघुबरे न होता. दोरापासून हात सुटला तर लाटांत बोटीला तुमचं डोकं दिसणार नाही, तो फुगा दिसेल. घाई करू नकात.

ओली वाळू

दादा, रागावणार कशी? हेच ऐकायचं होतं. नोव्हेंबरात येतोच.

बॉस्टनवासी, तुम्ही पाच बेटं गाळा म्हटलंत तेव्हा आधी जिवावर आलं. रात्री नकाशा पुढ्यात घेऊन बसलो आणि पटलं. तेनेरिफही गाळतोय.

ब्लू शार्कबरोबरच्या डाइव्हचं काय? नवऱ्याला हवीय. मला चारा टाकून प्राणी बोलावणं मनापासून पटत नाही.

दीर्घश्वास

शार्ककडं नंतर येऊ. तुमच्या पहिल्या आराखड्यातली एक ओळ वाचून मी जागच्या जागी थांबले, आणि अजून कोणी तिच्याबद्दल बोललं नाही याची काळजी वाटली. 'सकाळी डाइव्ह करायची, दुपारी उशिरा चढायला लागायचं.' हे कृपा करून करू नका.

मी डॉक्टर आहे आणि डाइव्हरही. पाण्याखाली दाबामुळं नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो, त्याला तास लागतात. मधेच हवेचा दाब कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यासारखे. विमानाबद्दल सगळ्यांना ठाऊक असतं. एक डाइव्ह झाली असेल तर निदान १२ तास, अनेक दिवस डाइव्ह केल्या असतील तर निदान १८ तास थांबायचं, मी २४ धरते. पण शरीराला विमान आणि डोंगर यांतला फरक कळत नाही. पिकोच्या चढाईची सुरुवातच १,२०० मीटरवर होते. माथा आपल्या कळसूबाईपेक्षा सातशे मीटर उंच. वर दमछाक, गारठा, रात्रीची वेळ. सांधे दुखायला लागले तर तो थकवा आहे की आजार, हे तिथं कोण ठरवणार?

उपाय साधा आहे. डोंगर आधी, समुद्र नंतर. पोहोचल्यावर एक दिवस विश्रांती घ्या, मग पिको चढा, पाय मोकळे होऊ द्या, मग पाण्यात उतरा. परतीच्या विमानाआधी पूर्ण एक दिवस कोरडा ठेवा. तेनेरिफला जाणाऱ्या इतरांसाठीही सांगते, तेइदेची केबल कार साडेतीन हजार मीटरवर नेते आणि तिथं जाणारा रस्ताही दोन हजारांवरून जातो. डाइव्ह झाल्यावर त्याच दिवशी गाडीनंही जाऊ नका.

दुसरं, सर्दी. परदेशातल्या एका डाइव्ह सेंटरमध्ये मी नाक चोंदलेलं असताना उतरले. पैसे भरले होते, दिवस शेवटचा होता. तिथं कोणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. सहा मीटरवर कान उघडेना, मी जोर लावला आणि आत काहीतरी फाटल्यासारखं झालं. पाच आठवडे डाव्या कानानं सगळं विहिरीतून आल्यासारखं ऐकू यायचं. तेव्हा त्या तीन तासांच्या बोटीत चढण्याआधी घरीच कान उघडून बघा. उघडत नसेल तर बडीला, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराला, तोंडानं सांगा, 'आज मी येत नाही.'

विमा दोन हवेत. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण साध्या प्रवास विम्यातून स्कूबा बहुधा वगळलेलं असतं. अटी शेवटपर्यंत वाचा. डाइव्हिंगचा विमा वेगळा काढा. आणि बुकिंग करतानाच विचारा की सगळ्यांत जवळचं दाब-उपचार कक्ष कुठं आहे. नीट उत्तर देणारं सेंटर निवडा.

ओली वाळू

दीर्घश्वास ताई, हात जोडून आभार. आम्ही दोघांनी परीक्षा देऊन प्रमाणपत्रं घेतलीत. विमानाचा नियम पाठ आहे. डोंगर हीसुद्धा उंचीच, हे डोक्यातच आलं नाही. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो बराच वेळ काही बोललाच नाही.

स्पेनमुक्काम

धागा अझोरेसकडं झुकलाय, पण कॅनरीची बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. मी माद्रिदला असते. ज्यांना सप्टेंबर जमत नाही, ज्यांच्या डाइव्ह कमी आहेत, त्यांनी एल इएरो बेटाचा विचार करावा. दक्षिण टोकाला ला रेस्तिंगा नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. शेजारचा समुद्र म्हणजे 'मार दे लास कालमास', शांत समुद्र. डोंगर वारा अडवतो म्हणून ते नाव. १९९६ पासून तिथं सागरी राखीव क्षेत्र आहे.

२०११ च्या ऑक्टोबरात याच गावासमोर पाण्याखाली उद्रेक झाला. समुद्र हिरवट झाला, मासे मरून वर आले, गाव रिकामं करावं लागलं. उद्रेक मार्च २०१२ पर्यंत चालला. आज त्या ज्वालामुखीला तागोरो म्हणतात, त्याचा माथा ८८ मीटर खोल आहे. आणि मासे परतले. मी गेले तेव्हा एल बाहोन या बुडालेल्या सुळक्याभोवती माझ्या मांडीएवढे हेकरू होते, ते हलतच नव्हते. आपणच वळसा घालून जायचं.

हिवाळ्यात गेलात तर एंजल शार्क बघायची संधी. युरोपच्या किनाऱ्यांवरून ही जात जवळजवळ नाहीशी झाली. कॅनरी हा तिचा उरलेला मोठा आसरा. दिवसा ती वाळूत पुरून घेते. मी ग्रान कनारियाला वाळूवर हात टेकणार इतक्यात गाइडनं माझं मनगट धरलं. बघितलं तर वाळूत दोन बारीक छिद्रं उघडझाप करत होती. मग हळूहळू सगळा आकार दिसायला लागला, माझ्याएवढा लांब. त्या दिवसापासून तळाला हात लावायचा नाही, हे मी पक्कं केलं.

स्पेनमध्ये डाइव्ह सेंटर डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि विम्याचा कागद मागतात. निघण्यापूर्वी करून घ्या.

बंदरावरचा

ब्लू शार्कचं राहिलं. आमच्या घरी मोरीचं, म्हणजे शार्कचं, मटण आवडीनं व्हायचं, त्यामुळं मी कुणाला उपदेश करणार नाही. पण समुद्रात शार्क कमी झालेत हे आम्हाला जाळ्यात दिसतं. जिवंत शार्कमुळं गावात पैसा येत असेल तर मारण्यापेक्षा ते बरं, असं मला वाटतं.

बॉस्टनवासी

मी केलीय ती डाइव्ह. वासाचा डबा पाण्यात टांगतात, हातानं भरवत नाहीत. तास-दोन तास काहीच आलं नाही, मग एक निळी रेघ खालून वर आली. ताईंची शंका मला खोटी वाटत नाही, बोलावण्यानं सवय बिघडतेच. ज्याचं त्यानं ठरवावं. तुम्ही बोटीत थांबू शकता, तशी मुभा असते.

पोटोबा

शाकाहारी असाल तर? माझं विचारायचं तेवढंच.

बॉस्टनवासी

चीज, पाव, बटाटा, अननस. साओ जोर्जेचं चीज फार चांगलं. मेतकूट न्या.

ओली वाळू

धागा वर काढतेय. परत येऊन दहा दिवस झाले.

मालवणला चार फेऱ्या झाल्या. दोघांच्या प्रत्येकी एकावन्न डाइव्ह पूर्ण करूनच निघालो. व्हिसाचे कागद तीन महिने आधी दिले, फी ९० युरो, अडचण आली नाही. पहिले दोन दिवस साओ मिगेलला. तिथं १९६४ मध्ये बुडालेल्या 'दोरी' जहाजावर अठरा-वीस मीटरवर सूट आणि वजनं जुळवून घेतली. मला मालवणात चार किलो पुरतात, तिथं नऊ लागले. मग नऊ रात्री पिको.

एक दिवस थांबून आधी डोंगर. धुकं होतं, माथ्यावर दहा मिनिटंच मोकळं झालं, पलीकडं साओ जोर्जे दिसलं आणि पुन्हा झाकलं.

प्रिन्सेस अ‍ॅलिससाठी पाच दिवस राखले होते. पहिले तीन गेले. रोज सकाळी सात वाजता धक्क्यावर जायचं, बोटवाला आकाशाकडं बघून मान हलवणार. एक दिवस लाजेसला व्हेल शिकारीच्या संग्रहालयात गेलो. एक दिवस फायालला. सर, कापेलिन्योसची राख हातात घेतली. मऊ असेल असं वाटलं होतं, पण कुटलेल्या काचेसारखी बोचते. शार्कचा बेत त्या वाऱ्यातच गेला.

चौथ्या दिवशी मान हलली नाही. तीन तासांची बोट, मी आल्याचा तुकडा चघळत डोळे क्षितिजावर ठेवून बसले. उतरल्यावर दोराला धरलं आणि पंचवीस मिनिटं फक्त निळं. कॉम्प्युटर बघायचा, श्वास सोडायचा, पुन्हा बघायचा. बंदरावरचा दादा, तुमचा आवाज कानात होता. मग नवऱ्यानं माझा दंड दाबला. खालून सात आले. पहिला माझ्या पायांखालून गेला, वळला आणि परत वर आला, इतका जवळ की त्याच्या पोटाला चिकटलेले दोन छोटे मासे मोजता आले. एका पंखाची कड फाटलेली होती, जुनी जखम, पांढरी झालेली. त्याचा डोळा बाजूला असतो. तो डोळा माझ्याकडं वळला आणि थोडा वेळ तसाच राहिला. हे प्राणी जवळजवळ १,९०० मीटर खोलपर्यंत बुडी मारतात असं बोटीवर सांगितलं होतं. इतक्या खोलातून वर येऊन तो माझ्याकडं बघत होता. माझ्या मास्कमध्ये पाणी आलं, गळतीचं नव्हे.

पाचव्या दिवशी पुन्हा वारा. शेवटचा दिवस कोरडा.

आता कामाचं. आमच्याकडं सात मिलिमीटरचे दोन सूट आहेत, एक बायकांचा मध्यम, एक पुरुषांचा मोठा, टोप्या आणि हातमोज्यांसकट. धुऊन, वाळवून मालवणला दादांकडं ठेवलेत. पुढच्या उन्हाळ्यात कोणी निघालं तर घेऊन जा, आणि परत आलात की तिथंच टांगा.